काचेपलीकडचा समुद्र : मोबाइलने छायाचित्र घ्यावे कसे आणि जपावे कसे

प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासात छायाचित्राला साधनाचा दर्जा आहे. शिलालेख, ताम्रपट, नाणी, दप्तरातील कागद यांच्याच रांगेत ते बसते. मात्र कोणत्याही साधनाला आपण जे प्रश्न विचारतो, तेच छायाचित्रालाही विचारावे लागतात. ते कोठले आहे, केव्हाचे आहे, कोणी घेतले आणि कोणत्या परिस्थितीत घेतले? या प्रश्नांची उत्तरे हरवली, तर उत्तमातले उत्तम छायाचित्रही केवळ रंगीत कागद उरते.

या स्मरणिकेसाठी आम्ही जो विषय घेतला आहे, तो वरवर पाहता हलका वाटेल. मत्स्यालयातील समुद्री जीवांचे मोबाइलने छायाचित्र कसे घ्यावे, हा तो विषय. निवड मात्र विचारपूर्वक केली आहे. विद्यालयाच्या सहलींत मुले सर्वांत जास्त छायाचित्रे माशांची काढतात आणि सर्वांत जास्त बिघडतातही माशांचीच. आपल्या पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानात डायनासोरच्या प्रतिकृतीपुढे उभे राहून छायाचित्र घेणे सोपे असते. प्रतिकृती पळून जात नाही. मासा पळतो. त्याच्या आणि आपल्या मध्ये काच असते, पाणी असते, अंधार असतो. या तिन्ही अडथळ्यांतून नीट चित्र मिळवायचे, तर थांबावे लागते, निरखावे लागते आणि प्रकाशाचे नियम समजून घ्यावे लागतात. म्हणूनच हा धडा छायाचित्रणाइतकाच निरीक्षणाचाही आहे.

आपण आणि समुद्र

पिंपळे गुरवपासून मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा किनारा रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. पण आपल्या गावाला वळसा घालणारी पवना त्या समुद्राकडे जात नाही. ती दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठेचे पाणी भीमेत जाते, भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र इतका जवळ असून आपले पाणी मात्र पूर्वेच्या समुद्राला जाते. भूगोलाच्या तासाला हे सांगितले की मुले नकाशावर बोट फिरवून खात्री करून घेतात.

आपल्या विद्यालयातील बहुतेक मुलांची घरे मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि सोलापूरकडून या औद्योगिक पट्ट्यात आली. कोणाचे आजोबा भोसरीच्या कारखान्यात लागले, कोणाचे वडील चाकणला. या घरांना समुद्र प्रथम भेटला तो आठवडी बाजारात, सुकट आणि बोंबलाच्या रूपाने. वाळलेल्या बोंबलाचा वास ओळखणारे मूल जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा काचेपलीकडे पाहते, तेव्हा त्याला वाटणारे आश्चर्य खरे असते. ते आश्चर्य टिकवण्यासाठी हात आपोआप मोबाइलकडे जातो. त्यात गैर काहीच नाही. त्या हाताला पद्धत शिकवावी, एवढेच शिक्षकाचे काम.

मत्स्यालयाचा थोडा इतिहास

लोकांना पाहता यावेत म्हणून काचेच्या टाक्यांत मासे ठेवण्याची सार्वजनिक सोय प्रथम लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली झाली. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाच्या १८५४ सालच्या ग्रंथामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. आपल्या देशात मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय उघडले.

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित मत्स्यालय म्हणजे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्थानकाजवळ ते उभे राहिले. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांच्या दोन लाख रुपयांच्या देणगीमुळे त्यांचे नाव त्याला मिळाले. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे त्याचा कारभार होता. नूतनीकरणानंतर २०१५ साली ते पुन्हा खुले झाले, तेव्हा त्यात बारा फूट लांबीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा बोगदा होता. डोक्यावरून मासा पोहत जातो आणि आपण खालून पाहतो, हा अनुभव राज्यातील शाळकरी मुलांना तिथे मिळाला. २०२० सालच्या टाळेबंदीत मत्स्यालयाचे दार बंद झाले आणि जुनी इमारत जीर्ण झाल्यामुळे पुढे वर्षानुवर्षे ते बंदच राहिले. म्हणजे २०१५ ते २०२० या पाच वर्षांत त्या बोगद्याखालून जी मुले गेली, त्यांच्या डोळ्यांत आणि मोबाइलमध्ये एक काळ साठून आहे. या मुद्द्याकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा येऊ.

कोकणात रत्नागिरीला, झाडगाव येथे, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा असलेले संग्रहालय अभ्यास सहलीसाठी अतिशय योग्य. शिवाय अलीकडच्या काही वर्षांत मोठ्या शहरांच्या मैदानांवर उन्हाळ्याच्या सुट्टीत काचेच्या बोगद्याची मत्स्यप्रदर्शने भरतात. तिथे गर्दी आणि दिव्यांचा झगमगाट फार असतो, पण पुढे सांगितलेली पद्धत तिथेही लागू पडते.

काच, पाणी आणि प्रकाश

चित्र का बिघडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण कळल्यावर उपाय पाठ करावे लागत नाहीत.

पहिले कारण परावर्तन. मत्स्यालयाचे दालन अंधारे असते आणि टाकी उजळलेली. तरीही बाहेरच्या दिव्यांचे, पांढऱ्या सदऱ्याचे, शेजारच्या मोबाइलच्या पडद्याचे प्रतिबिंब काचेवर पडते. डोळा ते प्रतिबिंब बाजूला सारून मासा पाहतो. कॅमेऱ्याला ही निवड करता येत नाही. तो दोन्ही टिपतो.

दुसरे कारण अपवर्तन. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतो. हवेचा अपवर्तनांक जवळपास १ आणि पाण्याचा सुमारे १.३३ असल्यामुळे समोरून पाहिले असता मासा असतो त्याच्या साधारण तीन चतुर्थांश अंतरावरच भासतो. समोरून पाहण्याऐवजी तिरपे पाहिले, तर आकृती अधिक ताणली जाते आणि कडांना रंगीत झालर दिसते. बोगद्याच्या वक्र भिंतीतून हा दोष आणखी वाढतो.

तिसरे कारण अपुरा प्रकाश. प्रकाश कमी असला की मोबाइल आपोआप शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. तेवढ्यात मासा पुढे सरकतो आणि चित्रात त्याच्या जागी फराटा उमटतो. फ्रान्सच्या बान्यूल्स येथे लुई बूताँ या शास्त्रज्ञाने १८९३ साली पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा एकेका चित्रासाठी अर्ध्या तासापर्यंत कॅमेरा उघडा ठेवावा लागे. आपल्या हातातील यंत्राला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो, पण मासा त्याहूनही चपळ असतो.

चौथे कारण दिव्यांचा रंग. प्रवाळांच्या व समुद्रफुलांच्या टाक्यांवर बहुधा निळे एलईडी दिवे असतात. मोबाइल त्या निळ्या प्रकाशाचा अर्थ चुकीचा लावतो आणि सारी टाकी जांभळी करून टाकतो. खोल समुद्रात पाणी तांबडा रंग आधी शोषून घेते, हे खरे; पण दोन-चार फूट जाडीच्या टाकीत त्याचा वाटा थोडा. टाकीचा निळेपणा मुख्यतः दिव्याचा असतो.

छायाचित्र घेण्याची पद्धत

पुढील क्रम आम्ही वर्गात शिकवतो. घरी गप्पी माशांची बरणी असेल, तरी त्यावर सराव करता येतो.

१. मोबाइलची भिंग स्वच्छ मऊ फडक्याने पुसावी. खिशातील धूळ आणि बोटांचे तेलकट ठसे यांमुळे चित्र धुरकट होते. काचेवर आपल्या बाजूने डाग असेल, तर तोही हलक्या हाताने पुसावा.

२. फ्लॅश बंद करावा. ‘ऑटो’वर ठेवू नये, पूर्ण बंद करावा. फ्लॅशचा प्रकाश काचेवरून उलटून येतो आणि पाण्यातील सूक्ष्म कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. म्हणजे फ्लॅशने चित्र सुधारत नाही, बिघडतेच.

३. मोबाइल काचेच्या अगदी जवळ, काचेला समांतर धरावा. भिंग आणि काच यांत अंतर जितके कमी, तितके प्रतिबिंब कमी. गडद रंगाचा रुमाल किंवा हाताची ओंजळ मोबाइलभोवती धरली की बाजूचा प्रकाश अडतो. मोबाइल काचेवर आपटू मात्र नये.

४. मोबाइलला दोन-तीन भिंगे असतील, तर मुख्य भिंग वापरावे. मासा काचेजवळ आला की काही मोबाइल आपोआप दुसऱ्या भिंगावर जातात व चित्राचा दर्जा घसरतो, त्याकडे लक्ष ठेवावे. दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करू नये. हवे असल्यास नंतर कडा कापाव्यात.

५. पडद्यावर माशाच्या डोळ्यावर बोट ठेवून क्षणभर दाबून धरावे. बहुतेक मोबाइलमध्ये त्यामुळे केंद्र आणि प्रकाश दोन्ही स्थिर होतात. मग बोट खाली ओढून प्रकाश किंचित कमी करावा. पार्श्वभूमी काळी असल्यामुळे मोबाइल चित्र नको तितके उजळ करतो आणि माशाच्या खवल्यांचा तपशील पांढरा पडून जातो.

६. मोबाइलमध्ये ‘प्रो’ व्यवस्था असल्यास शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवून पाहावे. त्याचे कारण आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण चित्रात आडवे काळे पट्टे येतात. शटरचा वेळ त्या लयीशी जुळला की पट्टे जातात, आणि संथ पोहणारा मासाही स्थिर टिपला जातो.

७. माशाच्या मागे मोबाइल फिरवू नये. पाच मिनिटे नुसते पाहावे. टाकीतील बरेच मासे ठरावीक वाटेने फिरतात. ती वाट ओळखून चौकट आधी धरावी आणि मासा तिच्यात येण्याची वाट पाहावी. तो आला की बटण दाबून ठेवून एकापाठोपाठ अनेक चित्रे घ्यावीत.

या सातही पायऱ्यांत आम्हाला सातवी सर्वांत महत्त्वाची वाटते. आधीच्या सहा पायऱ्या यंत्राच्या आहेत, सातवी माणसाची आहे. पाच मिनिटे एका टाकीपुढे उभे राहणे आठवीतल्या मुलाला जड जाते. पण जे मूल थांबते, त्याला दिसते की वाम जातीचा मोठा मासा तोंड सारखे उघडतो आणि मिटतो, ते रागाने नव्हे. कल्ल्यांवरून पाणी खेळवण्यासाठी, म्हणजे श्वासासाठी. त्याला दिसते की विदूषक माशांच्या गटात एकच मासा सर्वांत मोठा असतो. ती मादी. ती गेली तर गटातील मोठा नर हळूहळू मादी होतो. म्हणून विदूषक माशाचे चित्र घेताना एकटा सुंदर मासा टिपण्यापेक्षा आकारांची तुलना करता येईल असा सारा गट टिपावा. समुद्रघोड्याच्या पाठीवरचा पर इतक्या वेगाने थरथरतो की तो चित्रात बहुधा पुसट येतो. तो पुसटपणा दोष समजू नये, ती वेगाची नोंद आहे. आणि पोटाशी पिशवी असलेला, अंडी वागवणारा समुद्रघोडा नर असतो, हे कळल्यावर वर्गात जी चर्चा होते, ती पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे जाते.

चित्र फसवते तेव्हा

पाकट हा चपटा मासा काचेला पोट लावून वर सरकतो, तेव्हा खालच्या बाजूला चक्क हसरा चेहरा दिसतो. दोन डोळे, खाली वळलेले तोंड. मुले आनंदाने ओरडतात आणि पटापट चित्रे काढतात. तोंड खरेच तोंड असते; पण ज्यांना आपण डोळे समजतो, त्या नाकपुड्या असतात. पाकटाचे डोळे वरच्या बाजूला, पाठीकडे असतात. तोंडाखाली ज्या चिरा दिसतात, ते कल्ले.

छायाचित्र स्पष्ट आहे, रंग नेमके आहेत, मोबाइल हललेला नाही. तरीही पाहणारा चुकतो. दोन ओळींची टीप असेल, तर तेच चित्र उत्तम पाठ होते. इतिहासाच्या साधनांचेही असेच असते. कागद खोटे बोलत नसतो, पण कागद कोणत्या बाजूने पाहिला हे सांगितले नाही, तर वाचणारा नाकपुड्यांना डोळे समजतो.

याच कारणासाठी चित्रावर नंतर केलेल्या संस्कारांबाबतही मुलांना मर्यादा सांगाव्यात. कडा कापणे, उजेड थोडा कमी-अधिक करणे यास हरकत नाही. मात्र करड्या माशाला निळा करणे, एका टाकीतील मासा दुसरीत बसवणे किंवा मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून नसलेले खवले भरून घेणे, हे नोंदीत फेरफार करणे होय. निळ्या दिव्याखाली घेतलेले चित्र निळेच राहू द्यावे आणि ‘दिवा निळा होता’ असे लिहावे.

जीव आधी, चित्र नंतर

बहुतेक माशांना पापण्या नसतात. तीव्र प्रकाश अचानक आला, तर आपल्यासारखे डोळे मिटून घेण्याची सोय त्यांच्याकडे नाही. फ्लॅशने मासे आंधळे होतात असे सरसकट सांगितले जाते. अभ्यासकाने त्याबाबत पुरावा पाहावा. ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांचा समुद्रघोडे व तळाशी राहणाऱ्या इतर माशांवरील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. फ्लॅशमुळे समुद्रघोड्यांच्या डोळ्यांना इजा झाल्याचे त्यात आढळले नाही; माशांना हात लावण्याचा, हलवण्याचा परिणाम मात्र फ्लॅशपेक्षा स्पष्टपणे अधिक दिसला. हा निष्कर्ष काही जातींपुरता आहे, सर्व माशांना तो लावता येणार नाही. शिवाय दिवसभरात शेकडो प्रेक्षक एकाच टाकीपुढे फ्लॅश मारतात, तेव्हा मासा दचकून कपारीत शिरतो, हे कोणीही पाहू शकतो. फ्लॅश चित्रासाठी निरुपयोगी आणि जिवासाठी त्रासदायक असेल, तर तो वापरण्याचे कारणच उरत नाही.

काचेवर टकटक करणे त्याहून वाईट. ध्वनी पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातील कंपने ओळखणारी पार्श्वरेषा असते. आपल्या एका टिचकीचा धक्का त्याला साऱ्या अंगाने जाणवतो आणि पळून जायला त्याच्याकडे चार भिंतींच्या पलीकडे जागा नसते. मासा तोंड वळवून बसला असेल, तर तो त्याचा अधिकार मानून आपण पुढच्या टाकीकडे जावे. जिथे छायाचित्रणास मनाई असल्याचा फलक असेल, तिथे मोबाइल खिशात ठेवून वहीत रेखाटन करावे. रेखाटन करणारे मूल पर मोजते. चित्र टिपणारे पुष्कळदा मोजत नाही.

एक मोबाइल, पाच मुले

निवासी विद्यालयात मुलांजवळ स्वतःचे मोबाइल नसतात आणि नसावेत असेच आमचे मत आहे. सहलीला शिक्षकांचे चार-पाच मोबाइल असतात. ही अडचण आम्ही पद्धतीत बदलली. पाच मुलांचा एक गट, गटाला एक मोबाइल. एकजण चित्र घेतो, एकजण वहीत नोंद करतो, एकजण रुमाल धरून प्रकाश अडवतो, एकजण फलकावरील नाव वाचून सांगतो, एकजण नुसता माशाकडे पाहतो आणि काय घडले ते तोंडी सांगतो. प्रत्येक टाकीनंतर कामे बदलतात.

या बदलण्याला महत्त्व आहे. घरात एकच मोबाइल असेल तर तो बहुधा मुलाच्या हाती जातो. मुलगी मागे उभी राहून पाहते. गटात पाळी ठरलेली असल्यामुळे यंत्र मुलीच्याही हाती तितकाच वेळ येते. आमचा अनुभव असा की नोंदीची वही नीट झालेल्या गटांत ही पाळी काटेकोर पाळलेली असते. ज्या गटात एकानेच मोबाइल धरून ठेवला, तिथे चित्रे पुष्कळ निघतात आणि माहिती काहीच उरत नाही.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक निवडक चित्रासोबत पाच गोष्टी लिहाव्यात : जीवाचे नाव, ठिकाण, दिनांक, चित्र घेणाऱ्याचे नाव आणि परिस्थितीविषयी एक वाक्य. नाव लिहिताना फलकावरील नाव जसेच्या तसे उतरवावे आणि स्थानिक मराठी नाव ठाऊक असल्यास तेही द्यावे. मुशी, वाम, पाकट, हेकरू, शेवंड, माकूळ हे कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले शब्द आहेत. आपल्या वहीत त्यांना जागा मिळाली पाहिजे. राज्याने २०२३ साली रुपेरी पापलेटला राज्य माशाचा मान दिला, पण किनाऱ्यावर त्याला सरंगा म्हणतात हे आपल्या मुलांना वहीतूनच कळते. नाव माहीत नसेल, तर ‘नाव कळले नाही’ असे स्पष्ट लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा रिकामी जागा प्रामाणिक असते.

मोबाइल प्रत्येक चित्रात दिनांक व वेळ आपोआप साठवतो, परवानगी दिली असेल तर ठिकाणही. पण तेच चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ही माहिती गळून पडते आणि चित्राचा आकारही लहान होतो. म्हणून जपण्याजोगे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि मूळ प्रत संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. मोबाइल हरवला, बिघडला, विकला की वर्षांचा ठेवा एका दिवसात जातो. महत्त्वाच्या चित्राची कागदावर प्रत काढून मागे पेन्सिलीने पाच गोष्टी लिहिणे, हा जुना उपाय आजही खात्रीचा आहे.

हे आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो, याला आपल्या समाजाचा अनुभव कारण आहे. ज्यांच्या घरी कॅमेरा होता, ज्यांच्या नावाची दप्तरे होती, त्यांचा इतिहास लिहिला गेला. आपल्या अनेक घरांत आजीचे एखादेच छायाचित्र असते. गावच्या जत्रेत किंवा तालुक्याच्या स्टुडिओत काढलेले, मागच्या पडद्यावर रंगवलेला महाल. ते कोणत्या साली काढले, शेजारी उभी असलेली बाई कोण, हे सांगणारे माणूस आता उरलेले नसते. चित्र हाती आहे आणि इतिहास निसटला, अशी ही स्थिती. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. साधन मिळाले, नोंदीची सवय लावली नाही, तर पुढची पिढी हजारो चित्रे समोर ठेवून तोच प्रश्न विचारील. ही सवय मुलाला माशाच्या चित्रावर लावता येते. तिथे भावना आड येत नाही आणि चूक झाली तर पुन्हा टाकीपुढे उभे राहता येते. एकदा हाताला वळण लागले की तेच मूल घरी जाऊन आजीच्या छायाचित्रामागे तिचे नाव लिहून घेते.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. घरातील किंवा शेजारच्या काचेच्या टाकीतील एकाच माशाची सरळ समोरून आणि तिरपी अशी दोन चित्रे घ्या. फरक तीन वाक्यांत लिहा.

२. पाण्याने भरलेल्या पारदर्शक पेल्यात पेन्सिल ठेवून तिचे चित्र घ्या आणि ती मोडलेली का दिसते, हे आईवडिलांना समजावून सांगा.

३. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वाळलेल्या माशांची नावे विक्रेत्या बाईंना विचारून लिहा. त्यांची परवानगी घेऊन माशांचे चित्र काढा व पाच गोष्टींची नोंद करा.

४. घरातील एका जुन्या छायाचित्राविषयी वडीलधाऱ्यांना विचारा. व्यक्ती, ठिकाण, साल, प्रसंग आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव कागदावर लिहून तो कागद छायाचित्रासोबत ठेवा.

माजी विद्यार्थ्यांना आवाहन

तारापोरवाला मत्स्यालयाचा जुना बोगदा, तिथल्या टाक्या, दारावरची पाटी, आत जाण्यासाठी रांगेत उभी असलेली मुले हे सारे आता चित्रांतच आहे. आपल्या विद्यालयाच्या सहली त्या वास्तूत गेल्या. तुमच्यापैकी अनेकांच्या किंवा तुमच्या पालकांच्या जुन्या मोबाइलमध्ये, मेमरी कार्डमध्ये, कपाटातल्या अल्बममध्ये ती चित्रे पडून असतील. धूसर असतील, फ्लॅशने पांढरी झालेली असतील, माशाऐवजी काचेतले तुमचेच प्रतिबिंब त्यांत असेल. तरी ती द्यावीत. उत्तम छायाचित्राची आम्हाला अपेक्षा नाही. काचेत उमटलेल्या त्या प्रतिबिंबातच आपल्या विद्यालयाचा गणवेश आहे, तुमच्या सोबत्यांचे चेहरे आहेत आणि आज बंद असलेल्या त्या दालनाचा उजेड आहे.

विद्यालयाच्या ग्रंथालयात या चित्रांसाठी एक स्वतंत्र संच ठेवण्याचा आमचा विचार आहे. चित्र पाठवताना सहलीचे साल, तेव्हाची इयत्ता, चित्रात दिसणाऱ्यांची नावे, चित्र घेणाऱ्याचे नाव आणि आठवत असेल तो एखादा प्रसंग सोबत लिहावा. साल नक्की आठवत नसेल, तर सोबत्यांना विचारून पाहावे. दोघांच्या आठवणी जुळल्या की साल बहुधा सापडते. तरीही सापडले नाही, तर ‘साल आठवत नाही’ असे लिहून पाठवावे. आपल्यानंतर तो संच उघडणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढ्यावरून पुढचा शोध सुरू करता येईल.